दोन्हीवाले

मानवतात व्यायाम करणारे लोक दोन पक्षांत विभागलेले आहेत. पहाटे चटई काखेत मारून योगवर्गाला जाणारे एका पक्षाचे, संध्याकाळी जिमच्या आरशासमोर दंड फुगवून बघणारे दुसऱ्या पक्षाचे. पहिल्यांचं म्हणणं, लोखंड उचलून अक्कल येत नसते. दुसऱ्यांचं म्हणणं, नाक दाबून दंड येत नसतात. या दोन्ही पक्षांची वर्गणी एकाच वेळी भरणारे जे गृहस्थ, ते म्हणजे दोन्हीवाले. नाव गावानंच ठेवलेलं. वय पंचेचाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, धंदा अडतीचा किंवा खत-बियाण्यांचा, क्वचित मास्तरकीचा. सेलूत आणि पाथरीतही त्यांचे भाऊबंद सापडतात, पण कापसाच्या या गावात त्यांची उगवण जरा दाट आहे.

दोन्हीवाल्यांचं वैशिष्ट्य असं, की ते जिथं असतील तिथं दुसरीकडचे तज्ज्ञ असतात. जिममध्ये ते योगी. स्पीकर दणाणत असतो, पोरं बेंचप्रेस मारत असतात आणि हे कोपऱ्यात डोळे मिटून भ्रामरी करत असतात. पोरं बिचारी आवाज कुठल्या मशीनमधून येतोय ते शोधतात. योगवर्गात मात्र ते पहिलवान. बाई ‘सावकाश वर या’ म्हणत भुजंगासन शिकवत असतात, तेवढ्यात हे शेजारच्या निवृत्त तलाठ्यांच्या कानाशी लागतात, ‘तात्या, प्रोटीन किती घेता?’ शवासनात सगळे निपचित पडले की नेमका यांचा फोन वाजतो. पलीकडून कापसाचा भाव येतो. दोन्हीवाले डोळे उघडत नाहीत, शरीर शिथिलच ठेवतात आणि त्याच अवस्थेत सांगतात, ‘आज सोडू नका. उद्या बघू.’

मोंढ्यात त्यांची गाठ खऱ्या तज्ज्ञांशी पडते. दुकानात खुंटीला टांगलेला चामडी पट्टा पाहून एका हमालानं विचारलंच, ‘शेट, ह्यो पट्टा कशाला बांधायलेत?’

‘डेडलिफ्टला. ऐंशी किलो उचलायलोय सध्या.’

‘किती डाव?’

‘पाच.’

हमालानं पाठीवरचं पन्नास किलोचं पोतं थप्पीवर टाकलं, दुसरं घेतलं, तेही टाकलं. ‘आन् मग?’

‘मग तीन मिनिटं आराम.’

‘आन् पैसे त्येच देतेत?’

‘नाही बा, पैसे आपणच भरायचे. महिन्याला.’

हमालानं यावर काही मत दिलं नाही. पुढचं पोतं घ्यायला तो निघून गेला.

घरी वेगळाच पेच. गॅसची भरलेली टाकी तीसेक किलोची असते: आत १४.२ किलो गॅस, बाकी लोखंड. ती जिन्यानं वर न्यायची वेळ आली की दोन्हीवाल्यांचा हटकून रेस्ट डे असतो. ‘अहो, मग योगाच्या बाजूनं उचला की,’ असं घरातून उत्तर येतं.

आपण मानवतात काहीतरी अपूर्व सुरू केलं, अशी त्यांची मनोमन खात्री आहे. ती मोडायला मन होत नाही, पण इतिहास आडवा येतो. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद मुळात बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले. आसन-प्राणायामाकडं ते नंतर वळले आणि मग योग प्रयोगशाळेत नेऊन क्ष-किरणांखाली तपासू लागले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची कथा तर दोन्हीवाल्यांनी फ्रेम करून लावावी अशी आहे. त्यांनी आधी सँडो या युरोपातल्या नामांकित पहिलवानाची पुस्तकं आणि साधनं आणून कित्येक वर्षं त्याची पद्धत चालवली, मग सूर्यनमस्काराला लागले आणि संस्थानच्या शाळांतून पोरांनाही नमस्कार घालायला लावले. आणखी मागं जायचं तर शेजारच्या जालना जिल्ह्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थ रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या पोरांनाही नमस्कार वेगळ्या खात्यातला वाटत नसे. चटई आणि लोखंड यांच्यात भिंत घातली ती आपल्या पिढीनं, बहुधा फी वेगवेगळी भरावी लागते म्हणून.

असो. थट्टा बाजूला ठेवली तर दोन्हीवाल्यांचं गणित बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी शिफारस केली, तिच्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात. ते टिकवायचे तर त्यांच्यावर वाढता भार टाकावा लागतो, आणि आसनांत हा भार आपल्या शरीराच्या वजनापलीकडं फारसा जात नाही. शिवाय आसनांत ढकलण्याचं काम भरपूर, ओढण्याचं जवळजवळ नाहीच. ती उणीव पूर्वी मल्लखांब आणि दोरी भरून काढत, आता जिमची पुलीही चालते. उलट नुसतं लोखंड उचलणाऱ्याचे खांदे आणि मांड्यांच्या मागच्या शिरा इतक्या आखडतात, की पंगतीत मांडी घालून बसायचं म्हटलं तरी तो भिंत शोधतो.

चुकतो तो क्रम. दोन्हीवाले आधी पश्चिमोत्तानासनात दोन-दोन मिनिटं वाकून बसतात आणि तिथून उठून थेट वजनाला हात घालतात. एकच ताण मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवला तर स्नायूची ताकद काही वेळ थोडी उतरते. मग ऐंशी किलो जागचं हललं नाही की ते मशीनला दोष देतात, बिचाऱ्या मशीनचा डेडलिफ्टशी संबंध नसताना. दुसरी चूक जास्त वाईट. वजन उचलताना ते कुंभक करतात आणि त्याला ‘प्राणशक्ती लावणं’ म्हणतात. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. दवाखान्यात बीपीची गोळी लिहून घेतलेल्या माणसानं तर हा प्रयोग करूच नये, शीर्षासनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तेव्हा ज्यांना दोन्हीवाल्यांच्या वाटेनं जायचंय त्यांनी जरूर जावं. अंग तापवायला चार-सहा नमस्कार, मग वजनं, उचलताना श्वास सोडायचा, आणि लांबवर धरायची आसनं शेवटी. प्रोटीनचा शेकर आणि त्यातली महागडी पावडर मात्र आधी हिशेब करून घ्यावी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला शरीराच्या दर किलोमागं रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. वजनं उचलणाऱ्याला थोडी जास्त. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण पंचवीस ग्रॅम असतात, त्यावर डाळ, दही, अंडी आहेतच. आणि शेंगदाणे मोंढ्यात मिळतात.