पाच मिनिटना रस्ता

आप्पा तुमच्याही गावात असतीलच. इंदूरला जायचा विचार नुसता मनात आला, तरी चौफुलीवरच्या टपरीत त्यांना तो कळतो आणि पहिला प्रश्न येतो, "उतरशात कथा?"

तुम्ही सांगता, पोरानं मोबाईलवर विजयनगरला बुक केलंय, स्विमिंग पूल आहे, सकाळचा नाश्ता फुकट आहे. ठरलेली सोयरिक मोडल्यासारखा आप्पांचा चेहरा होतो. इंदूरला जाऊन हॉटेलचा नाश्ता? पोहे-जिलेबी मग काय टीव्हीत बघायची? आणि विजयनगरहून रात्रीच्या खाण्याचा सराफा बाजार किती लांब, हे त्या पोराला ठाऊक आहे का? एवढं झालं की शर्टाच्या खिशातून एका लॉजचं मळकं कार्ड बाहेर येतं. "हे घ्या. इथनं सराफा पायी पाच मिनिटना रस्ता शे, भो!"

हे बोलणारा माणूस आमच्या भडगावात तीन घरांपलीकडे दाढी करायलाही मोटारसायकलनं जातो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्यासोबत गेलो. कापूस विकून चार पैसे हातात आलेले असतात आणि सराफ्यात गराडूचे तळलेले कंद निघालेले असतात, म्हणून आप्पांचा मुहूर्त हाच. काकूंनी पहाटे उठून दशम्या आणि ठेचा बांधून दिला होता. तो डबा धुळ्यानंतर उघडायचा नाही, असा आप्पांचा दंडक. पोट रिकामं पाहिजे. शिरपूर गेलं, पळासनेर गेलं, पोरं कासावीस झाली. बिजासन घाटात देवीला नारळ फोडला तेव्हा गाडीतल्या झाडून सगळ्यांनी दोन-दोनदा प्रसाद मागून घेतला. एवढी भक्ती आमच्या घराण्यात पूर्वी पाहिली नव्हती. खलघाटला नर्मदेला हात जोडून धाकट्यानं विचारलं, "आप्पा, अजून किती?"

"आलंच. पाच मिनिटं."

खलघाटहून इंदूर सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे.

लॉज निघाला सरवटे बसस्थानकामागे, छोट्या ग्वालटोलीत. गरम पाणी सहा ते आठ, तेही बादलीनं. एकाच खोलीला खिडकी होती, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, आणि ती आप्पांनी अधिकारानं घेतली. चादरीबद्दल मी काही बोललो, तर म्हणाले, "स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर घेणारं शहर आहे हे, अन् तुला चादर दिसते? झोपायला आलाय का?"

मग सराफ्याकडे निघालो. पायी, अर्थात. जवाहर मार्ग संपता संपेना. दर चौकात धाकटा विचारी, आणि दर चौकात सराफा पाच मिनिटांवरच असे. आईनं दोनदा ओट्यावर बसून घेतलं. बायकोनं रिक्षाला हात केला, तो आप्पांनी खाली केला. राजवाड्याचे सात मजले दिसले तेव्हा त्यांनी घड्याळ न बघताच जाहीर केलं, "बघा, पाच मिनिटं!"

सराफा मात्र सराफाच. दिवसभर सोनं तोलणाऱ्या पेढ्यांची शटरं रात्री खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे शेगड्या पेटतात. रात्रभर माणसं जागी असली तर चोरांची हिंमत होत नाही, म्हणून सराफांनीच ही खाण्याची चौपाटी चालू दिली, असं तिथं सांगतात. जोशींच्या दुकानी दहीवड्याचा द्रोण हवेत उडून परत हातात येत होता. गराडूवर जिरावन मसाला पडत होता, भुट्ट्याचा कीस दुधात शिजत होता, आणि ताटाएवढा जलेबा बघून धाकट्यानं पायाची तक्रार मागे घेतली.

आप्पा खातात किती? गराडूचे चार तुकडे, अर्धा दहीवडा. साखर वाढली आहे. बाकीचा वेळ ते बंद पेढीच्या पायरीवर उभे राहून आमच्या प्लेटचे पैसे देत होते आणि नुसती गर्दी बघत होते. मध्यरात्र उलटली तरी हलेनात. मी वैतागून विचारलं, खायचं नाही तर एवढ्या लांब येता कशाला?

"आपल्याकडं नऊ वाजता काय चालू राहतं, सांग." मी आठवून बघितलं. एसटी स्टँडवरचा दिवा आणि कुत्री. "इथं एक वाजता कोणाची तरी आजी मालपुवा खाऊन राहिली," आप्पा म्हणाले, आणि त्या म्हातारीकडे बघत राहिले. त्यांची दोन्ही पोरं पुण्यात आहेत. भडगावच्या त्या मोठ्या घरात आठ वाजता जेवणं उरकतात.

मध्यंतरी सराफांनी ही चौपाटी इथून हलवा म्हणून मागणी केली. गॅसच्या टाक्या, अरुंद गल्ली, आग लागली तर काय, हे त्यांचं म्हणणं. खोटं नाही. पण गिरणाकाठची जमीन सरकारनं मोजायला घेतल्यासारखे आप्पा खवळले. चार दिवस टपरीत दुसरा विषय नव्हता. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, काय सांगता येतं, या थंडीत एकदा जाऊन येऊ.

मी लॉजला फोन लावला. मालकानं "भडगाववाले आप्पा का?" म्हणून विचारलं आणि भाव कमी केला. खिडकीची खोली आप्पांसाठी सांगून ठेवली आहे. समोरच्या भिंतीला नवा रंग दिलाय म्हणे.