पत्रिका आणि पॅकिंग

लग्नपत्रिका हातात दिली तर हा माणूस मुहूर्त वाचत नाही, कागदाची जाडी बघतो. अकोले गावात अण्णांना आमंत्रण द्यायला गेलेल्या प्रत्येकानं हे सोसलंय. पत्रिका अंगठ्यात चोळायची, कोपरा वाकवायचा आणि निकाल द्यायचा, "वॉटर पंपाला चालेल." मुलीचा बाप हात जोडून उभाच!

अण्णांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. ते तिला फियाटच म्हणतात. ती पुढून पाणी गाळते, मधून इंजिन ऑइल आणि मागून गिअर ऑइल. कुणी हसलं की अण्णा थेट भंडारदऱ्यावर जातात. "धरण 1926 साली पुरं झालं. 1969 साली तडा गेला, पाणी यायला लागलं. भंगारात काढलं का? टेकू दिले, आज उभं आहे!" यावर काय बोलणार?

स्वतःची गाडी गळती ठेवणाऱ्या या गृहस्थाला दुसऱ्याची गळती मात्र बघवत नाही. राजूर-कोतूळच्या जीपा उभ्या असल्या की अण्णा खाली पेपर सरकवतात. काळं पडलं तर इंजिनचं, हिरवं पडलं तर रेडिएटरचं, उग्र वास आला तर गिअर ऑइल. वास ते स्वतः घेतात. मग ड्रायव्हरची शिकवणी. "डाग पडला तिथंच गळती असं नसतं. वाऱ्यानं तेल मागं पळतं. इंजिन धू, कोरडं कर, पावडर मार, मग चालू करून बघ." पावडर काकूंच्या टेबलावरची. काकूंना ती चेहऱ्यासाठी कधी मिळाली, देव जाणे.

तरुण मेकॅनिकांशी त्यांचं वैर सिलिकॉनच्या ट्यूबवरून. "बाहेर जेवढं ओघळलं तेवढंच आत गेलं. तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत बसला की इंजिन गेलं." टॅपेट कव्हरचे नट कुणी पिळताना दिसला तर ते ओरडतात, कारण पत्रा वाकतो आणि कोरं पॅकिंगही गळतं. आणि ब्रीदर चोक असेल तर पॅकिंगं कितीही बदला, आतला दाब तेल बाहेर ढकलणारच. वाईट हे की म्हातारा बरोबर असतो.

पण मूळ मुद्दा पत्रिकांचा. पत्रिका झाकणाच्या जागी धरायची, गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकायची. कागद आपोआप मापात तुटतो. ग्रीसचा हात फिरवला की पॅकिंग तयार. हेडला मात्र कंपनीचंच, तिथं अण्णा पत्रिका लावू देत नाहीत. एका बागायतदारानं मखमली पत्रिका दिली, तेव्हा अण्णा म्हणाले, "लग्न टिकेल, पॅकिंग टिकणार नाही." झालं उलटंच. त्या जोडप्याचा दोन वर्षांत काडीमोड झाला आणि मखमल सोलून आतल्या पुठ्ठ्याचं केलेलं पॅकिंग एका जीपमध्ये अजून कोरडं आहे. हे अण्णा चारचौघांत सांगतात, बागायतदार समोर असला तरी.

मी त्यांना टाळायचो. मग एका पावसाळ्यात रंधा धबधब्याजवळ माझी जुनी मारुती वाफा टाकून बसली. फोन केला, तर अण्णा तसल्या पावसात फियाट घेऊन आले. गळत गळत आले, पण आले. इंजिन निवेपर्यंत मला लेक्चर दिलं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचं पॅकिंग फाटलं होतं. डब्यात एकच पत्रिका उरलेली, त्यांच्या मुलीच्या लग्नातली. मुलगी दूर गेली आहे, फारशी येत नाही. अण्णांना पत्रिका वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पूर्ण वाचली, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' इथपर्यंत. मी नको म्हणालो. "कागद चांगला आहे," म्हणाले, आणि ठोकायला लागले.

ते पॅकिंग अजून गळलेलं नाही.

हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात. ढोल वाजतो, फुलं पडतात, नवरा-नवरी गरगर फिरतात. अण्णा सवयीनं मोबाइलच्या काचेवर अंगठा चोळतात आणि फोन परत देतात. नव्या गाड्यांना खालून प्लॅस्टिकचं झाकण असतं, गळलं तरी लवकर दिसत नाही. त्याला ते प्रगती म्हणायला तयार नाहीत.

तेव्हा अकोले तालुक्यात कुणाच्या घरी यंदा कार्य असेल, तर विनंती आहे: चार पत्रिका तरी छापा. जाड कागदाच्या. मखमल नको.