घाटावरचा

सेकंड इयरच्या तोंडावर बाबांची बदली कोल्हापूरहून रत्नागिरीला झाली आणि आंबा घाट उतरताना माझा मित्रपरिवार साखरप्याच्या आसपास कुठेतरी गाडीतून पडला.

शिवाजी विद्यापीठातून मुंबई विद्यापीठात जायचं म्हणजे कागदांची जत्रा. टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी. (रत्नागिरी मुंबई विद्यापीठात का येते, हे आमच्या आजीला अजून पटलेलं नाही.) सगळ्या कागदांवर शिक्के बसले. वर्गात मी कुठं बसायचं, तेवढं मात्र एकाही कागदावर नव्हतं.

तिसऱ्या बाकापाशी जाऊन म्हणालो, "सरका की लगा जरा."

अख्खा वर्ग वळला. "इथे तो बसतो," उत्तर आलं. हा 'तो' अख्ख्या टर्ममध्ये एकदाही दिसला नाही, पण त्याची जागा राखून होती. उरला पहिला बाक, जो जगातल्या कुठल्याही कॉलेजात रिकामाच असतो. तिथं बसल्यावर सरांना वाटलं, पोरगा अभ्यासू आहे. पोरांनाही तेच वाटलं. मग कोण बोलतंय?

"कुठला रे तू?"

"कोल्हापूर."

"म्हणजे घाटावरचा."

झालं बारसं. हजेरीपटावर माझं नाव वेगळं आहे, हे पुढं मलाही आठवावं लागायचं.

रविवारी एकटा थिबा पॅलेसला जाऊन बसायचो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी मंडालेहून उचलला आणि 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये. तोवर चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत. 1916 ला वारला, तोही इथंच. त्याच्यापुढं माझी एक टर्म म्हणजे काहीच नव्हे. आणि गंमत बघा, तो इथं असतानाच इंग्रजांनी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 साली मंडालेच्या तुरुंगात धाडलं. अशी अदलाबदल आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं एका फटक्यात केली असती, यावर मी पैज लावायला तयार नाही.

माझी सुटका केली खर्ड्यानं. ऑगस्टात, बाहेर धो धो पाऊस आणि कँटीन बंद, तेव्हा शेजारच्यानं न विचारता माझ्या डब्यात बोट घातलं. हिरवा खर्डा. आधी तो गप्प झाला, मग कानापर्यंत लाल झाला, मग डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "मेल्या, हे रोज खातोस?" दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती पाच डबे. मला कुळथाचं पिठलं मिळालं, बाटलीतून सोलकढी मिळाली आणि तिसऱ्या बाकावर जागाही मिळाली. 'तो' येईपर्यंत, या अटीवर.

दिवाळीत कोल्हापूरला गेलो. रंकाळ्यावर जुना कट्टा जमला होता. माझ्या जागी कुणी नवाच बसलेला. मी म्हटलं, "सरक रे मेल्या." सगळे फिसकन हसले. "आला बघा कोकणी!"

तेव्हापासून मार्च लागला की कोल्हापुरातून फोन सुरू होतात. पहिलीत एकत्र होते तेही, ज्यांनी मला मारलं होतं तेही, सगळे अगत्यानं तब्येत विचारतात आणि मग हळूच हापूसच्या पेटीवर येतात. त्या सर्वांना हात जोडून सांगतो: आमची बाग नाही, कलम नाही. आम्ही भाड्यानं राहतो. दारात एक शेवगा आहे, तोही घरमालकाचा.