पिंक फ्लॉइड आणि चाकणचा तळेगाव चौक

पिंपळे गुरव या पवनाकाठच्या उपनगरात पिंक फ्लॉइडचा सर्वोत्तम अल्बम कोणता, हा प्रश्न अद्याप निकाली निघालेला नाही. अशा वादाची कारणे संगीतशास्त्रात शोधण्याची पद्धत असली, तरी येथील वादाचा कल दिवसागणिक आणि पाळीगणिक बदलतो हे ध्यानात घेता ती पुणे-नाशिक महामार्गावर, त्यातही येथील चाहते जिथल्या कारखान्यांत पाळ्या करतात त्या चाकणच्या तळेगाव चौकात, शोधणे अधिक फलदायी ठरावे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

पिंक फ्लॉइड हा १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये उभा राहिलेला वाद्यवृंद असून त्याची गणना प्रोग्रेसिव्ह रॉक या पंथात होते. तीन मिनिटांत गाणे संपवणे ज्यांना कमीपणाचे वाटते त्यांनी केलेले रॉक संगीत म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, ही व्याख्या सर्वमान्य नसली तरी कामापुरती पुरेशी आहे. या पंथात अल्बम म्हणजे गाण्यांची जुडी नव्हे. कीर्तनाच्या पूर्वरंगात मांडलेले तत्त्व उत्तररंगातल्या आख्यानाने सिद्ध व्हावे, तशी त्यातली गाणी एकमेकांचा हात धरून येतात, आणि म्हणून तो अथपासून इतिपर्यंत एका बैठकीत ऐकावा असा दंडक आहे. या दंडकाकडे पुढे पुन्हा वळायचे आहे, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

वादाची दैनंदिन सत्रे सृष्टी चौकाच्या आसपासच्या टपऱ्यांवर होतात आणि रविवारचे अधिवेशन राजमाता जिजाऊ उद्यानात भरते. त्या उद्यानाला त्याच्या अधिकृत नावाने कोणी ओळखत नाही. तिथल्या भल्यामोठ्या प्रतिकृतींमुळे सगळे पिंपरी-चिंचवड त्याला डायनासोर गार्डन म्हणते. १९७० च्या दशकाच्या मध्यात पंक या बंडखोर संगीताच्या मंडळींनी लांबलचक वाजवणाऱ्या जुन्या वाद्यवृंदांना हिणवून डायनासोर म्हटले होते, आणि त्यांच्यातल्या जॉनी रॉटन या गायकाने तर पिंक फ्लॉइडचे नाव असलेल्या टी-शर्टावर 'मला तिटकारा आहे' अशा अर्थाचे शब्द खरडून तो अंगात मिरवला होता. ही हेटाळणी ज्यांना अजून झोंबते तेच चाहते दर रविवारी सिमेंटच्या डायनासोरच्या सावलीत बसून फ्लॉइडची थोरवी गातात, या योगायोगाची नोंद इतिहासकारांनी घ्यायला हवी.

पहिला आणि संख्येने मोठा पक्ष 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ च्या अल्बमचा. हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड या विक्रीतक्त्यावर १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होता, आणि हा आकडा या पक्षाचे लोक उत्पादनाच्या टार्गेटसारखा तोंडावर फेकतात. त्यावर क्वालिटी विभागातल्या चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते, की माल किती डिस्पॅच झाला यावरून माल कसा आहे हे ठरत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईला जाऊन वाद्यवृंदाचा माजी सदस्य रॉजर वॉटर्स याच्याकडून हा अल्बम सलग ऐकून आलेल्यांना या पक्षात वारी केलेल्याचा मान असून, त्यांचे म्हणणे खोडून काढण्यापूर्वी निदान त्यांच्या चहाचे पैसे द्यावेत असा संकेत आहे.

याच अल्बममधील 'मनी' हे गाणे सात मात्रांचे आहे. मात्रा म्हणजे तालाचे एकक, आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुधा चाराच्या पटीत चालत असल्याने सात मात्रांपाशी भले भले अडखळतात. पिंपळे गुरवात मात्र तसे होत नाही. देवळातल्या पूजेबरोबर वाद्यवादन हाही गुरव समाजाचा परंपरागत व्यवसाय, आणि ज्या गावाच्या नावातच गुरव आहेत तिथल्या भजनी मंडळातल्या एखाद्या काकांना हे गाणे ऐकवले, तर ते दुसऱ्याच आवर्तनाला मांडीवर बोटे वाजवत 'हा रूपक की रे' म्हणून मोकळे होतात. पुढे गिटारच्या एकल वादनात ताल चार मात्रांवर उतरतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी निराशा हीच या अल्बमवरील सर्वांत गंभीर टीका मानावी लागेल.

औद्योगिक पट्ट्यातील श्रोत्याला खरे अडवते ते मात्र दुसरेच गाणे. 'द ग्रेट गिग इन द स्काय' या गाण्यात क्लेअर टॉरी या गायिकेने एका शब्दाविना जो आर्त स्वरविलास केला, त्याची तिला बिदागी मिळाली ३० पौंड, आणि तीही ध्वनिमुद्रण रविवारी असल्यामुळे दुप्पट दराने. रविवारचा डबल ओटी ही संकल्पना इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तिने २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला आणि संगीतकार म्हणून वाद्यवृंदातल्या रिचर्ड राइटच्या जोडीला तिचे नाव लागले. हा वृत्तांत सांगितला जातो तेव्हा सर्व पक्षांचे चाहते क्षणभर एक होतात आणि कंत्राटी कामगाराने बत्तीस वर्षांनी का होईना हक्क मिळवल्याच्या आनंदात चहाची आणखी एक फेरी मागवली जाते.

दुसरा पक्ष 'विश यू वेअर हिअर' या १९७५ च्या अल्बमचा. त्यातल्या मुख्य रचनेचे नऊ भाग अल्बमच्या दोन्ही टोकांना विभागलेले असून गायकाचा आवाज साडेआठ मिनिटे उलटल्यावर प्रथम कानी पडतो. सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर बसून आलाप ऐकलेल्या घरांत या विलंबाचे कोणालाही विशेष वाटत नाही. ही रचना सिड बॅरेट या संस्थापक सदस्यासाठी होती, जो मानसिक स्वास्थ्य ढासळल्याने १९६८ मध्ये वाद्यवृंदातून बाजूला झाला होता. ५ जून १९७५ रोजी त्याच रचनेचे काम चालू असताना एक जाडसर, टक्कल केलेला, भुवयाही भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला, आणि तो सिड आहे हे त्याच्या जुन्या सोबत्यांना बराच वेळ ओळखू आले नाही. या पक्षाचे लोक वाद फारसा घालत नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा एकेक मित्र दोन वर्षांसाठी म्हणून जर्मनीला गेलेला असतो, आणि तो पुढे परत येतो तेव्हा नाशिक फाट्यावर कोण कोणाला ओळखेल याची त्यांना खात्री नसते.

तिसरा पक्ष 'अ‍ॅनिमल्स'चा. संख्येने लहान, आवाजाने मोठा. या १९७७ च्या अल्बममध्ये समाजाची वाटणी डुकरे, कुत्री आणि मेंढ्या अशी केली असून, आपल्या कंपनीत यांपैकी कोण कोण आहे यावर या पक्षात कधीच मतभेद होत नाहीत, फक्त आपण स्वतः कोण हा मुद्दा चर्चेला येत नाही. मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर एक प्रचंड फुगवलेले डुक्कर दोरखंडाने बांधले होते. सुटले तर पाडण्यासाठी पहिल्या दिवशी नेमबाज ठेवला होता, दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचे राहून गेले, आणि ३ डिसेंबर १९७६ रोजी नेमके त्याच दिवशी दोर तुटून ते डुक्कर हीथ्रो विमानतळाच्या हवाई मार्गात घुसले व अखेर केंट परगण्यातल्या एका शेतात उतरले. सेफ्टी विभागाच्या चाहत्यांनी या घटनेचे पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण काढले आहे. ते असे, की नेमबाजाचा रिलिव्हर आला नव्हता.

'द वॉल' या १९७९ च्या जोड-अल्बमचा पक्ष मुख्यतः शाळकरी मुलांच्या बापांचा आहे. शाळामास्तरांविरुद्धचे त्यातले प्रसिद्ध समूहगान लंडनच्या इझ्लिंग्टन ग्रीन शाळेच्या मुलांनी गायलेले असून, ते गुणगुणतच हे बाप सीबीएसई शाळेच्या फीचा दुसरा हप्ता मोबाइलवरून भरतात.

आता दंडकाकडे वळता येईल. अल्बम एका बैठकीत ऐकायचा, तर ती बैठक कुठे? कॅसेटच्या काळात उत्तर सोपे होते. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूवर ४३ मिनिटांचा 'डार्क साइड' आणि दुसरीवर ४४ मिनिटांचा 'विश यू वेअर हिअर' नेमका बसे, आणि पलंगावर पडून तो ऐकण्याइतका वेळही असे. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्ही, कुकर आणि मुलांचा अभ्यास यांच्यात पाऊण तास सलग मिळणे अशक्य झाल्यामुळे, फ्लॉइड ऐकण्याची एकमेव जागा उरली आहे ती कंपनीची बस. पहाटे पहिल्या पाळीला निघालेला चाहता रिकाम्या रस्त्याने भर्रकन पोहोचतो, तेवढ्यात १९७१ च्या 'मेडल'च्या दुसऱ्या बाजूवरचे २३ मिनिटांचे 'एकोज' काय ते पुरे होते. म्हणून 'मेडल'ला कट्टर मानणारे सगळे पहिल्या पाळीचे. रस्ता बरा असला की चाकण ते नाशिक फाटा या प्रवासात 'डार्क साइड' आटोपतो. जनरल शिफ्ट सुटल्यावर मात्र तळेगाव चौकात ट्रेलर आडवा होतो, मोशीला इंद्रायणीच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि भोसरी येईपर्यंत ८१ मिनिटांचा 'द वॉल' दोन्ही तबकड्यांसह संपतो. जो अल्बम पुरा झाला तोच त्या दिवशी श्रेष्ठ वाटतो, आणि बसमधून उतरलेला माणूस त्याच मताने टपरीवर येतो.

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो पूर्ण होऊन बस वरून धावू लागेपर्यंत 'द वॉल' हाच सर्वोत्तम अल्बम समजावा.