हरकतकाका

पेपर आला की कुणी खेळाचं पान बघतं, कुणी निधनवार्ता. हरकतकाका जाहीर प्रकटनं बघतात. बारीक टायपात ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ एवढं दिसलं की ते चष्मा पुसून घेतात. ती तमाम जनता म्हणजे आपणच, याविषयी त्यांना शंका नसते. बाकीची जनता तोवर त्याच प्रकटनावर पोह्यांची बशी ठेवून मोकळी झालेली असते.

हरकतकाका गावोगाव असतात, पण पुण्यात पीक चांगलं येतं. 2013 साली जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा निघाला, तेव्हा त्यावर 87 हजारांवर हरकती-सूचना आल्या. त्यात आमच्या काकांच्या किती, हे विचारू नये, फाइल उघडते. नियोजन समितीपुढच्या सुनावणीत ते 1987च्या आराखड्यापासून सुरू झाले आणि आपल्या गल्लीपर्यंत पोचायच्या आत ‘पुढचे’ असा पुकारा झाला. त्याचं त्यांना दुःख नाही. ‘ऐकून घेतलं’ असं इतिवृत्तात यायला हवं होतं, ते आलं नाही, याचं आहे. त्याचा वेगळा अर्ज आहे.

अर्जाच्या प्रती दोन. एक महापालिकेला, दुसरी पोचेसाठी. अर्ज मान्य होतो की नाही, हा पुढचा प्रश्न; पोचेवर गोल शिक्का स्वच्छ उमटला पाहिजे. अर्धाच उमटला तर काका प्रत परत सरकवतात, “ताई, तारीख लागत नाही.” त्यांना दारात बघितलं की आवकच्या बाई आता आपणहून पॅडवर शाई घालतात. सोमवारी दुपारी तीन ते पाच फायली बघायला मिळायच्या, तेव्हा सोमवारी काका लग्नालासुद्धा जात नसत. घरी मात्र काकूंनी सोफा खिडकीकडे हलवला तेव्हा हरकती-सूचना मागवल्या नव्हत्या, आणि काकांनीही त्या दिल्या नाहीत.

हसायला ठीक आहे. पण आमच्या मागच्या मैदानाचं आरक्षण बदलायचं प्रकटन आलं, तेव्हा सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता. नगररचना कायद्याचं कलम 37, महिन्याची मुदत, सगळं काकांना पाठ. त्यांनी दारोदार हिंडून सह्या जमवल्या. “आमच्यावर काही येणार नाही ना?” असं प्रत्येकानं विचारलं, एकानं तर सही करून आपलं नाव वाचता येणार नाही याची काळजी घेतली. मैदान अजून मोकळं आहे. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू काचेवर येतो, याविरुद्धचा अर्जही काकांचाच.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा काका खचले. नगरसेवकावर निदान ओरडता येतं. प्रशासकाला निवेदन द्यावं लागतं.

पण त्यांचा खरा जीव अंदाजपत्रकात. 2006 पासून पुण्यात नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं सुचवायची सोय आहे: बाक, दिवे, पदपथ असली. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म द्यायचा. काकांनी बसथांब्यापाशी बाक मागितला. ‘कामाची आवश्यकता’ या रकान्यात दोन ओळींची जागा होती. काकांनी चार पानं जोडली, शिवाय उन्हाची दिशा दाखवणारा नकाशा.

बाक आला. पाठीवर ठसठशीत अक्षरांत ‘यांच्या संकल्पनेतून व विशेष प्रयत्नांतून’, आणि वर एका माननीयांचं नाव. मला वाटलं, काका आता भडकणार. काकांनी नावाकडे बघितलंसुद्धा नाही. बाकाचं तोंड रस्त्याऐवजी मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे होतं. बसलेला माणूस भिंत बघतो, आणि बस पाठीमागून निघून जाते.

“फिरवून मिळेल की, काका,” मी म्हटलं.

“सिमेंटात बसवलाय. हलवायचा म्हणजे नवीन काम. ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात.” काकांनी फाइलमधून ताजी पोच काढली, शिक्का गोल, तारीख स्पष्ट. “म्हणून म्हटलं, समोरच्या भिंतीवर बसचं वेळापत्रक लावा. लोक बसलेलेच आहेत तिकडे तोंड करून.”