मोक्षकाकांची खतावणी

मोक्ष हवा तर संसार सोडावा लागतो, अशी जुनी समजूत. आमच्या इमारतीतल्या मोक्षकाकांना संसार सोडणं शक्य नाही, कारण रजा शिल्लक नाही. त्यामुळे त्यांचा सगळा परमार्थ डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात बसवलेला आहे. उरलेला महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, कारण त्या दिवशी बँकेला सुट्टी असते.

'मोक्षकाका' हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं. काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "नाम-रूप सगळं मिथ्या आहे." मग वर जाऊन त्यांनी वहीत लिहिलं : 'राग – १.'

ही वही म्हणजे मोक्षकाका. बँकेत संगणक आल्यावर अडगळीत गेलेली एक लाल रेक्झिनची खतावणी त्यांनी घरी आणली आणि तिच्यात आत्म्याचं खातं उघडलं. रकाने असे : तारीख, बैठक (मिनिटं), जप (माळा), राग (वेळा), अनुभव, शेरा. चुकलेल्या माळा पुढच्या महिन्यात ओढल्या जातात. 'राग – ४, पैकी २ सकारण' अशा नोंदी असतात आणि सकारण राग बेरजेत धरत नाहीत. ३१ मार्चला ताळेबंद होतो. गेल्या वर्षी साधनेत तूट आली, तेव्हा काका दोन दिवस जेवले नाहीत. ते दोन दिवस नंतर 'उपवास' म्हणून जमेला धरले.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, तुकोबांनी तर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात."

काका गालात हसले. "अरे, लिहून ठेवली होती म्हणून बुडवता आली ना?"

यावर काय बोलणार?

ज्ञानेश्वरीचाही त्यांनी असाच हिशेब बसवला आहे. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. रोज ९ वाचल्या तर १००० दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. माउलींनी १२९० साली नेवाशाला खांबाला टेकून जे सांगितलं, ते काका लोकलच्या खांबाला टेकून वाचतात. ठाण्यापर्यंत पाच, कुर्ल्यापर्यंत सात, भायखळ्याला नऊ. गाडी उशिरा धावत असेल तर पुढच्या ओव्या आगाऊ वाचून ठेवत नाहीत. रोखीचा व्यवहार चोख हवा.

दासबोध मात्र त्यांना मनापासून पटला, कारण त्यात बढतीची सोय आहे. समर्थांनी पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. काकांचं भाष्य असं : बद्ध म्हणजे कारकून, मुमुक्षू म्हणजे परीक्षेला बसलेला कारकून, साधक म्हणजे ऑफिसर आणि सिद्ध म्हणजे पेन्शनर. स्वतःला ते 'साधक, हंगामी' समजतात. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाचीही लक्षणं दिली आहेत, पण काकांच्या प्रतीत नेमकी ती पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. तेल सांडलं होतं म्हणतात.

मध्यंतरी काका इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर करून आले. पहाटे ४ ला घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास ध्यान, सकाळी ११ ला जेवण, त्यानंतर नवख्यांना संध्याकाळी चहा आणि फळं, की झालं. पैसे मागत नाहीत, हे काकांना बँकवाला म्हणून फारच अद्भुत वाटलं. पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. इकडे काकूंनी त्या काळात घराला रंग काढून घेतला, माहेरी दोन दिवस राहून आल्या आणि चेहऱ्याने पाच वर्षं लहान झाल्या. दहाव्या दिवशी तिथे मौन सुटतं. मोक्षकाकांचा तो दहावा दिवस अजून संपलेला नाही. मौन किती श्रेष्ठ असतं, हे त्यांनी मला जिन्यात उभं करून सव्वा तास समजावलं. माझ्या हातात दुधाची पिशवी होती. तिच्यातलं दूध अनित्य असतं, हे घरी गेल्यावर कळलं.

इगतपुरीहून काकांनी साक्षीभाव आणला. म्हणजे जे घडतंय ते नुसतं पाहायचं, त्यात गुंतायचं नाही. दुसऱ्याच दिवशी काकू कुकर लावून खाली भाजीला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." त्या परत आल्या तेव्हा जिन्यात करपल्याचा वास होता आणि काका पाटावर डोळे मिटून बसले होते.

"शिट्ट्या मोजल्या नाहीत का?"

"मोजल्या. अकरा."

"मग बंद का नाही केला?"

"मी फक्त साक्षी होतो."

त्या दिवशी काकू काय म्हणाल्या, तेही साक्षीभावानेच ऐकावं लागलं. आम्ही खालच्या मजल्यावरूनही ऐकलं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. परमार्थासाठी धंदा सोडावा लागत नाही, ही काकांची श्रद्धा अगदी अस्सल मराठी आहे. आपल्याकडे देव हुडकणारे कितीतरी लोक गुहेत बसलेच नाहीत. गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा अरणला भाजीचे वाफे भिजवत होते, नरहरी सोनारकाम करत होते, सेना न्हावी हजामत करत होते आणि जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत होत्या. अगदी अलीकडे, मुंबईत खेतवाडीत निसर्गदत्त महाराज विड्यांचं दुकान चालवत होते. त्यांच्या घराच्या माळ्यावर जगभरातली माणसं येऊन बसायची. महाराज १९८१ साली गेले. काका एकदा ती गल्ली पाहून आले आणि बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विडीच्या दुकानात होतं, तर कर्जविभागात का होऊ नये?"

प्रश्न रास्त आहे. फक्त एक अडचण आहे. गोरोबांच्या मडक्यांविषयी गिऱ्हाइकांची तक्रार होती असं कुठे ऐकिवात नाही. मोक्षकाकांच्या टेबलावर मात्र अर्ज अनासक्तपणे पडून असतात. "देणारा कोण, घेणारा कोण?" असं ते कर्ज मागायला आलेल्या माणसाला एकदा म्हणाले. त्याने मॅनेजरकडे जाऊन दोन्ही नावं सांगितली.

लोकलमध्ये त्यांची खरी परीक्षा असते. बोटात अंगठीसारखं बटणाचं जपयंत्र, कानात मोबाइलवरचं ध्यान. 'श्वास आत घ्या… सोडा… गृहकर्ज हवंय?' इथपर्यंत ते स्थिर असतात. पण घाटकोपरला कुणीतरी पायावर बूट ठेवतो. एकनाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ दर वेळी शांतपणे गोदावरीत उतरून स्नान करून आले, ही गोष्ट काकांना तोंडपाठ आहे. ती आठवत आठवतच ते त्या बूटवाल्याच्या कुळाचा उद्धार करतात. जपयंत्राचं बटण तेवढ्यातही दाबलं जातं. त्या शिव्या त्या दिवशी माळेत धरल्या गेल्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

आणि पार्किंग! दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची स्कूटर काकांच्या जागेत अर्धा फूट येते. माझं-तुझं ही माया आहे, यावर काका तासभर बोलू शकतात. पण ती माया कुठे संपते, ते त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने आखून ठेवलं आहे. त्या स्कूटरपायी खतावणीतला 'सकारण' हा शब्द झिजून 'स.' झाला.

गेल्या जुलैत एका रात्री पावसाने कहर केला. वीज गेली, तळमजल्यावर पाणी शिरलं. तिथे एक आजी एकट्याच राहतात. मी टॉर्च घेऊन खाली आलो, तर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मोक्षकाका पाण्यात उभे. डोक्यावर आजींची ट्रंक. ती वर पोचवली, मग धान्याचे डबे, मग देव्हारा, मग सिलिंडर. शेवटी आजींना हाताला धरून आपल्या घरी नेलं. पुन्हा खाली आले, कारण पाणी वाढत होतं. पांढऱ्या रेघेवरून ती स्कूटर उचलून त्यांनी ढकलत ढकलत फाटकापाशी उंचावर नेऊन लावली. मालक वर झोपले होते.

मी रात्री दोनला वर डोकावलो. अंधाराला घाबरून आजींना झोप येत नव्हती. यजमानांची भुसावळला रेल्वेत बदली झाली तेव्हाची हकीकत त्या काकांना सांगत होत्या. मी दारात उभा असताना ती दोनदा सांगून झाली. काकू म्हणाल्या, त्याआधीही दोनदा झाली होती. मोक्षकाका मेणबत्तीसमोर मांडी घालून बसले होते आणि चौथ्या वेळीही विचारत होते, "मग? क्वार्टर मिळालं का?" समोरचा माणूस बोलतोय आणि काका ऐकताहेत, हे दृश्य मी सहा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खतावणी घेऊन आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. "२१२ दिवस सलग झाले होते रे. काल खंड पडला."

मी पान पाहिलं. बैठक : नाही. जप : नाही. अनुभव : नाही. राग या रकान्यात एक आडवी रेघ होती. मी मागची पानं चाळली. तशी रेघ आधी कुठेच नव्हती. काकांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून बसले होते. तिथे लिहिलं होतं : 'पाऊस. उद्या दुप्पट बसणे.'

"बघ ना," ते म्हणाले, "अख्खा दिवस फुकट गेला."

"हो काका," मी वही मिटून त्यांच्या हातात दिली, "कालचा सगळा हिशेब पाण्यात गेला."