कमरेवर हात

गळ्यात शिट्टी अडकवली की माणूस दोन इंचांनी ताठ होतो. मी चार. बास्केटबॉल रेफ्रीची परीक्षा पास झालो त्या आठवड्यात रोज आरशासमोर खुणा घटवत होतो. बंद मूठ तळव्यावर आपटली की चार्ज, म्हणजे चूक धडकणाऱ्याची. दोन्ही हात कमरेवर ठेवले की ब्लॉक, चूक अडवणाऱ्याची. ही दुसरी खूण बघून बायको म्हणाली, "अगदी विठोबा दिसताय. पोट सोडून."

तेव्हापासून मला विठोबाकडे डिफेंडर म्हणून बघायची खोड लागली. तोंड समोरच्याकडे, दोन्ही पाय जमिनीवर (इथं विटेवर) आणि समोरचा उडी मारायच्या आत जागा पक्की, एवढंच तर नियम मागतो. याची जागा अठ्ठावीस युगांपूर्वीच पक्की! पुंडलिकानं वीट फेकली, थांब म्हणाला, हा थांबला. आषाढीला लाखो लोक येऊन पायांवर आदळतात. नियमानं बघाल तर प्रत्येक वेळी चार्ज. कोपरं थोडी बाहेर आलीत, तेवढा वाद घालता येईल. डिफेंडरचा हक्क अंगाभोवतीच्या उभ्या नळकांड्यापुरताच असतो. पण ज्याला सगळे चार्ज मिळायला हवेत, तोच हात कमरेवर ठेवून उभा आहे: ब्लॉक, चूक माझीच.

असो. मॅच बघताना "हलली, हलली!" म्हणून ओरडणाऱ्या पालकांनो, डिफेंडरला हलायला परवानगी आहे हो! एकदा जागा घेतली की बाजूला, मागे सरकता येतं. बघायचं ते उडी आधी की जागा आधी, आणि धडक छातीवर बसली की कडेला. शिवाय बास्केटखालचं 1.25 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेनं 2010 मध्ये आणलेलं. त्यात उभं राहून हवेतल्या खेळाडूची धडक खाल्ली तर चार्ज मिळत नाही. हे सगळं अर्ध्या सेकंदात. म्हणून आम्हाला बजावतात, बॉल बघू नका, डिफेंडर बघा.

मी बॉल बघत होतो. शाळेच्या मुलींची मॅच, शेवटची दोन मिनिटं. एक उंच मुलगी ले-अपला उडाली, आणि काय सुरेख उडाली! धप्प आवाज आला तेव्हा माझी नजर खाली आली. एक बारकी पोरगी पाठीवर घसरत गेली होती. मी शिट्टी फुंकली आणि आरशात घटवलेले हात ऐटीत कमरेवर ठेवले. तिचा पाचवा फाऊल. बाहेर.

नंतर कुणीतरी मोबाईलवर दाखवलं. तिचे बूट अर्धवर्तुळाच्या चांगले बाहेर, केव्हाचे रोवलेले. हात छातीशी, डोळे गच्च मिटलेले, पण पाय जागचे हलले नव्हते. भांडणाचा आवाज आला तर जिना बदलणारा मी, ते तीनदा पाहिलं.

त्या वेळी मात्र ती काही बोलली नाही. उठली, कोपर झटकलं, लांब गेलेला बॉल आणून माझ्यापुढे धरला.

"सर, बॉल."

तो घ्यायला मला कमरेवरचे हात काढावे लागले.